आधी पदवीवरचं नाव तपासा

थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी कशी मिळवायची, या प्रश्नावर इथं कोणीतरी सल्ला दिलाय: ‘टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवायचा, १२० तासांचा कोर्स करा, टुरिस्ट व्हिसावर थायलंड गाठा, बाकी तिथं होऊन जाते’. तो कोणीच ऐकू नका. तिथं शिकवायला नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा, व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतात; टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदाच. नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. कास्तकार बापाचे कापसाचे पैसे त्याहून जास्त कोणाच्या हातात देऊ नका.

कोर्सच्याही आधीचं एक काम इथं कोणी सांगितलं नाही. मी दर्यापूरकडच्या खेड्यातली. माझ्या टीसीवर वडिलांच्या नावात इंग्रजीत ‘ओ’, पासपोर्टवर ‘व्ही’. एवढ्याशा अक्षरापायी पदवीचं साक्षांकन (ती खरी असल्याचा सरकारी शिक्का) अडलं, प्रतिज्ञापत्र नि राजपत्रातल्या नावदुरुस्तीत महिने गेले. शिवाय नुसत्या गुणपत्रिका चालत नाहीत, विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडची कितीतरी पोरं ते काढतच नाहीत. आजच अर्ज टाका. पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला) मात्र शेवटी काढा, जुना झाला की नव्यानं काढावा लागते.