विषय: नवं जेम्स हॉस्पिटल आणि मंडळाची देणगी

मृण्मयी (सचिव), 16 नोव्हेंबर 2014

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाचा हिशोब लागला. हॉलचं भाडं, साउंडवाला आणि फराळ वजा जाता या वर्षी चक्क शिल्लक आहे. 15 डिसेंबरला इथे कोलंबसमध्ये (ओहायो) वेस्ट टेन्थ ॲव्हेन्यूवर जेम्स कॅन्सर हॉस्पिटलचा नवा टॉवर सुरू होतोय, कॅन्सर हॉस्पिटल आणि क्रिटिकल केअर एकाच इमारतीत. 315 हायवेवरून जाताना गेली काही वर्षं आपण त्याच्या क्रेन बघतोच आहोत. शिल्लक रक्कम मंडळाच्या नावाने तिथे द्यावी अशी सूचना कार्यकारिणीत आली आहे. मतं कळवा. मीटिंग 29 तारखेला ठेवू नका, त्या दिवशी ओहायो स्टेटची मिशिगनशी फुटबॉल मॅच आहे आणि कोणीही येणार नाही.

विनायक, 16 नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

माझा विरोध नोंदवून घ्यावा. हा 1.1 अब्ज डॉलरचा प्रकल्प आहे. त्यातले 10 कोटी डॉलर 2010 सालीच फेडरल सरकारने रेडिएशन विभागासाठी दिले. तिथे आपली शिल्लक म्हणजे दर्या में खसखस. पावती येईल, आभाराचं पत्र येईल, अध्यक्ष ते फ्रेम करतील.

त्यापेक्षा पैसे परळला पाठवा. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या, वर्षभरात सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने 1941 साली टाटा हॉस्पिटल उभं केलं. आज तिथे बिहार-बंगालपासून माणसं येतात, आणि राहायला जागा नाही म्हणून बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी शंभर डॉलरला अजून किंमत आहे.

शिरीष, 17 नोव्हेंबर

काका, पैशाचं तुमचं पटतं. पण परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतातल्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि इथे आपलं मंडळ करमुक्त संस्था असल्यामुळे पैसे कशासाठी गेले याचे कागद आपल्याला ठेवावे लागतात. खजिनदार कोण आहे ते आठवा आणि मग बोला.

इमारतीबद्दल मात्र हलक्यात बोलू नका. मी स्ट्रक्चरलवाला, त्यामुळे थोडं सहन करा. 21 मजले, सुमारे 11 लाख चौरस फूट. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेडिएशन दुसऱ्या मजल्यावर आहे. लिनिअर ॲक्सिलरेटरच्या, म्हणजे किरणं देणाऱ्या मशिनच्या खोलीला पाच-सहा फूट जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात. साहजिकच बहुतेक ठिकाणी ही मशिन्स तळघरात जातात. वजन जमिनीवर पडतं आणि बाजूची माती किरणं अडवायला मदत करते. तिकडे बिचारा पेशंट आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे भुयारात उतरतो. इथे तेवढं वजन वर उचलून धरलंय, केवळ पेशंटला खिडकीतला उजेड दिसावा म्हणून. ज्याने हे गणित सोडवलं त्याला माझा दंडवत.

डॉ. आर्थर जेम्स हे सर्जन. कोलंबसमध्ये फक्त कॅन्सरचं हॉस्पिटल हवं असा धोशा त्यांनी किती वर्षं लावला होता, तेव्हा कुठे 1990 साली जुनी इमारत झाली. आता तीही अपुरी पडली.

विनायक, 17 नोव्हेंबर

काँक्रीटबद्दल कुठे वाद आहे? पण मला एक सांगा, कॅन्सरच्या हॉस्पिटलला क्रिटिकल केअरचं शेपूट कशाला? की मजले भरायला?

स्वाती, 18 नोव्हेंबर

काका, याचं उत्तर मी देते. पंधरा वर्षं ऑन्कोलॉजीत, म्हणजे कॅन्सर विभागात नर्सिंग केलंय.

केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत 101 ताप ही साधी गोष्ट नसते. सकाळी गप्पा मारणारा माणूस संध्याकाळी सेप्टिक शॉकमध्ये जातो, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळतो. आयसीयू दुसऱ्या इमारतीत असेल तर त्याला पंप, ऑक्सिजन, मॉनिटर सगळं घेऊन कॉरिडॉरमधून आणि लिफ्टमधून न्यायचं, आणि तेही प्रतिकारशक्ती शून्य असताना. म्हणून आयसीयू त्याच छपराखाली हवं. पुढे इमर्जन्सीमध्येही कॅन्सरच्या पेशंटसाठी वेगळा भाग होणार आहे. खोकणाऱ्या वीस माणसांमध्ये त्याला ताटकळत बसवणं किती धोक्याचं असतं ते आम्ही बघतो.

आता देणगीचं. माझ्या मते पैसे इथेही नकोत आणि तिथेही नकोत, निदान या वर्षी. ज्यांना इथे पैसे द्यायचे त्यांनी ऑगस्टमध्ये पेलोटोनियात, म्हणजे कॅन्सर संशोधनाच्या मदतीसाठीच्या सायकलफेरीत सायकल चालवावी. 2009 पासून चालू आहे, आणि रायडरने जमवलेला पैसा पूर्णपणे संशोधनाला जातो. आपल्यातले काहीजण जातातही.

त्या टॉवरकडे सगळं आहे, पण एक गोष्ट त्यांना विकत मिळत नाही, ती म्हणजे आपली बोन मॅरो, हाडातली मज्जा. ल्युकेमियाच्या पेशंटला मज्जा द्यायची तर एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळावं लागतं, आणि ते वंशाप्रमाणे जातं. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. ते नसेल तर रजिस्ट्री, म्हणजे नाव नोंदवलेल्या दात्यांची यादी. या जुलैत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे आलेत. अमेरिकन रजिस्ट्रीत युरोपीय वंशाच्या गोऱ्या पेशंटला पूर्ण जुळणारा आणि प्रत्यक्ष उपलब्ध दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के, दक्षिण आशियाई पेशंटला 33. कारण सरळ आहे. आपण नावच नोंदवत नाही.

तुम्ही परळचं काढलंत म्हणून सांगते. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली टाटातच डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. मज्जा त्या मुलीच्या भावाची होती. ज्याला असा भाऊ नाही त्याचं काय?

विनायक, 18 नोव्हेंबर

स्वाती, वंशाप्रमाणे म्हणजे जातीप्रमाणेही का? इथेही आलीच म्हणायची.

स्वाती, 18 नोव्हेंबर

शतकानुशतकं आपापसातच सोयरिकी केल्या, त्याचा हिशोब रक्तात उतरलाय, काका. म्हणून नुसते 'इंडियन' दाते वाढून भागत नाही. कोकणातले, विदर्भातले, मराठवाड्यातले, सगळ्या समाजांतले लोक हवेत. मंडळाच्या यादीत ठराविक आडनावंच दिसतात हा विषय त्या निमित्ताने निघाला तर बरंच होईल.

ओंकार, 19 नोव्हेंबर

मी ओएसयूमध्ये (ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी) मास्टर्स करतोय, या ईमेल लिस्टवर नवीन आहे. हे फार दुखतं का? आई विचारेल म्हणून विचारतोय. 🙂

स्वाती, 19 नोव्हेंबर

आईला सांग, नोंदणीच्या वेळी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस. पुढे कधी जुळलंच तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन हाताच्या शिरेतून पेशी काढतात, प्लेटलेट देतात तसं. त्या दिवसांत अंग दुखतं, फ्लूसारखं. काही वेळा कमरेच्या हाडातून काढतात, भूल देऊन. मज्जा काही आठवड्यांत भरून येते. पाठीच्या कण्याशी याचा संबंध नाही, ही भीती प्रत्येक आईला असते.

एक मात्र स्पष्ट सांगते, आणि जरा कडक सांगते. नाव देऊन ऐनवेळी 'घरचे नको म्हणतात' असं करणार असाल तर आत्ताच नाही म्हणा. ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटची स्वतःची मज्जा औषधांनी मारून टाकलेली असते. त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर त्याला परतीचा रस्ता नसतो.

मृण्मयी (सचिव), 20 नोव्हेंबर

कार्यकारिणीचा निर्णय: 17 जानेवारीच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात 'बी द मॅच' या मज्जादात्यांच्या अमेरिकन रजिस्ट्रीचं टेबल लावायचं. 18 ते 44 वयाच्या मंडळींची नावं प्राधान्याने हवीत. टेबल दाराशीच ठेवू, जेवणाच्या रांगेच्या आधी, कारण एकदा गुळपोळी सुरू झाली की कोणी काडीला तोंड उघडणार नाही. कार्यक्रमाचं पत्रक गुजराती आणि तेलुगू मंडळांनाही पाठवते. पत्ता बदलला तर रजिस्ट्रीला कळवायचं हे विद्यार्थ्यांना ओंकार समजावेल. शिल्लक रकमेचा विषय मार्चच्या सभेत.

विनायक, 20 नोव्हेंबर

माझं वय बाद आहे. टेबलावर बसून फॉर्म भरून घेईन. माझं अक्षर चांगलं आहे. परळचा ठराव मार्चमध्ये मी मांडणार, एफसीआरएचे कागद शिरीषने काढावेत.