विभागाची ‘सर्वांना’ ही मेलिंग लिस्ट बंद करावी का?

पाषाणकर

जुलै उजाडला की पुण्यातल्या विद्यापीठ विभागांत तेच सुरू होतं. प्रवेश संपतात आणि नव्या मुलांचे पत्ते विभागाच्या ‘सर्वांना’ या एकुलत्या एका मेलिंग लिस्टमध्ये ओतले जातात. तिच्या पत्त्यावर टाकलेला मेल यादीतल्या प्रत्येकाला जातो. तीत प्राध्यापक असतात, तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात, पीएचडीचे विद्यार्थी असतात, एमएससीची दोन्ही वर्षं असतात आणि पास होऊन गेलेलेही तसेच पडून असतात. समजा २०० पत्ते आहेत. भाग १ च्या प्रात्यक्षिकाची वेळ बदलली तर संबंध ४० जणांचा, मेल २०० जणांना. उरलेले १६० जण महिन्याभरात विभागाचा मेल न उघडताच पुसायला लागतात, आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीखही त्यातच जाते.

ही लिस्ट बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्याऐवजी लहान याद्या कराव्यात आणि त्यांना नाव वर्गाचं नव्हे, प्रवेशवर्षाचं द्यावं. ‘एमएससी-भाग-१’ असं नाव ठेवलं की दर जुलैत आतली माणसं उपसून दुसरीकडे भरावी लागतात. एका वर्षी ते राहिलं की भाग २ च्या मुलांना भाग १ ची वेळापत्रकं येत राहतात. ‘एमएससी-२०२५’ हे नाव मुलं बाहेर पडेपर्यंत तेच राहतं. पत्ते एकदाच भरायचे. दोन वर्षांनी पाठवणं बंद करून लिस्ट गोठवायची, जुनी पत्रं शाबूत ठेवायची.

सूचनांच्या लिस्टवर पाठवायचा अधिकार विभागप्रमुख, कार्यालय आणि वर्गसमन्वयक एवढ्यांनाच हवा. उत्तर पाठवणाऱ्याकडे जावं, लिस्टकडे नव्हे. ‘सर, माझी फी पावती आली नाही’ या एका ओळीखाली मुलाचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि मोबाइल नंबर असतो. तो सगळ्या वर्गाच्या मेलबॉक्समध्ये कायमचा बसतो, आणि गेलेला मेल परत घेता येत नाही.

लिस्टचे ओनर, म्हणजे ती सांभाळणारे, किमान दोन असावेत आणि तेही पदाच्या पत्त्यावर. कोणाच्या खासगी जीमेलवर काढलेली लिस्ट त्या माणसाबरोबरच निवृत्त होते.

खिडकी क्र. २

पाषाणकर सर, प्रवेशवर्षाचं नाव ऐकायला सोपं वाटतं, टेबलावर बसल्यावर तसं नाही. परीक्षा विभागाचं परिपत्रक ‘२०२५ ची बॅच’ म्हणत नाही, ‘प्रथम वर्ष, द्वितीय सत्र’ म्हणतं. लिपिक बदलून नवा आला तर त्याने प्रत्येक परिपत्रकाला बोटं मोजून बॅच काढायची का? एकदा चुकली की चुकीच्या वर्गाला आसनक्रमांक जातात.

आणि बॅकलॉगवाल्यांचं काय? २०२४ ला प्रवेश घेतलेल्या मुलीचा पहिल्या सत्राचा एक पेपर राहिलाय. ती तुमच्या ‘एमएससी-२०२४’ मध्ये आहे, आणि तिच्या पेपरची सूचना जाणार ‘एमएससी-२०२५’ वर. फॉर्मची मुदत निघून गेली की ती खिडकीवर येऊन रडते. ‘सर्वांना’ लिस्टवर निदान तिला मेल तरी मिळतो.

मोजक्यांनाच अधिकार म्हणता, तर तासिका तत्त्वावरच्या मॅडमना उद्याचा तास रद्द झाल्याचं संध्याकाळी सहाला कळवायचं असतं. मेल मॉडरेशनला अडकला आणि मंजूर करणारे सर घरी गेले, की हडपसरहून, चिंचवडहून निघालेली मुलं सकाळी रिकाम्या वर्गात येऊन बसतात.

औंधचा पोस्टमास्तर

खिडकीताईंचा पहिला प्रश्न सुटण्यासारखा आहे. माणसं बॅचच्या लिस्टमध्ये ठेवायची आणि वर्गाच्या नावाचा पत्ता नुसता पाटीसारखा वापरायचा. ‘भाग-१’ हा पत्ता ‘एमएससी-२०२५’ कडे वळवलेला असेल आणि पुढच्या जुलैत तो ‘एमएससी-२०२६’ कडे वळवायचा. एक ओळ बदलली की झालं. कार्यालय ‘भाग-१’ लाच पाठवत राहील.

मात्र तो वळवताना एक खोडा आहे. मेलमनवर, म्हणजे लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लिस्टचं नाव ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये दिसलं नाही तर तो मेल थांबवून मॉडरेटरपुढे ठेवतो. मेल ‘भाग-१’ च्या नावाने येतो, लिस्ट ‘एमएससी-२०२५’ नावाची, म्हणून प्रत्येक मेल अडकतो. लिस्टच्या सेटिंगमध्ये मान्य पर्यायी नावांत ‘भाग-१’ चा पूर्ण पत्ता घालायचा. लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकला तरी हाच अडथळा येतो, म्हणून सूचना नेहमी ‘टू’मध्येच टाकावी.

मूळ प्रस्तावात सगळ्यात मोठी गोष्ट राहून गेली आहे. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं (‘फ्रॉम’मधलं डोमेन खरं आहे का ते तपासायच्या पद्धतीचं) कडक धोरण लावलं: याहूच्या नावाने आलेला पण तपासणीत न बसणारा मेल नाकारा. लिस्ट विषयापुढे चौकटी कंसात आपलं नाव जोडते आणि शेवटी फूटर (ठरावीक ओळी) चिकटवते. त्याने मूळ मेलची डीकेआयएम सही (वाटेत मजकूर बदलला नाही याची डिजिटल खूण) तुटते. एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकतो का याची तपासणी) लिस्टच्या सर्व्हरचा पास होतो, पण तो ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळत नाही. परिणाम असा की याहूवरून एका शिक्षकाने लिस्टवर मेल टाकला की जीमेलवाले सगळे सभासद तो नाकारतात.

आता शिक्षा कोणाला होते ते पाहा. मेलमन ते बाऊन्स (नाकारून परत आलेले मेल) पाठवणाऱ्याच्या नव्हे, ज्यांना मेल जायचा होता त्या सभासदांच्या नावावर मांडतो. मूळ सेटिंगमध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक गुण, आणि पाच गुण झाले की त्या सभासदाला मेल पाठवणं थांबतं. त्या शिक्षकाने आठवडाभर रोज एक मेल टाकला की काहीही न केलेली निम्मी बॅच एका रात्रीत गप्प होते, आणि कार्यालयाला वाटतं मुलं मेल बघत नाहीत. मेलमन २.१.१८ पासून यावर डीमार्कची वेगळी सेटिंग आहे. ती ‘मंज फ्रॉम’ (पाठवणाऱ्याचा पत्ता बदला) या पर्यायावर ठेवा. मग ‘फ्रॉम’मध्ये लिस्टचा पत्ता येतो आणि मूळ माणसाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये जातो. त्याहून बरं म्हणजे विषयातला कंस आणि फूटर दोन्ही काढून टाका. लिस्ट ओळखायला लिस्ट-आयडी हेडर (मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी ओळ) पुरेसं आहे, जीमेलचा फिल्टर त्यावर चालतो.

आणि मेलमन २.१ अजून चालवत असाल तर मेलमन ३ कडे जायची तयारी करा. २.१ पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

द्रव नायट्रोजन

संशोधकांच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे, हा नियम सगळीकडे लावू नका. ‘गुरुवारी द्रव नायट्रोजनची गाडी येणार, कोणाला किती?’ असा मेल आला की उत्तरं सर्वांना दिसायला हवीत. एकाने १० लिटर मागितलं, दुसऱ्याने ५, तर तिसरा आपली गरज पाहून ठरवतो आणि एकूण मागणी सगळ्यांसमोर उभी राहते. ऑटोक्लेव्हचं गॅस्केट गेलंय, स्पेक्ट्रोमीटरची पाळी मोकळी आहे, जुना दुवार (द्रव नायट्रोजन ठेवायचं थर्माससारखं भांडं) कोणाला हवाय, ही सगळी विभागाची रोजची बोली आहे. ती मोजक्या पाठवणाऱ्यांच्या हाती दिली तर प्रत्येक प्रयोगशाळेचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. तिथे नव्या मुलाला जुनं काही शोधता येत नाही, आणि प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. मला खुली लिस्ट हवी आहे.

खिडकी क्र. २

पोस्टमास्तर, पाटीची कल्पना पटली. पण अटॅचमेंटचंही बोला. ६ एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ मेलमध्ये एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ८ एमबी. १८० जणांना गेली की १,४४० एमबी एका सूचनेला. आम्ही पीडीएफ जोडतो कारण सूचना युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप झालेली असते. ती मेलमध्ये चिकटवली तर ‘परीक्षा’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो.

औंधचा पोस्टमास्तर

ताई, यावर एकच उपाय: सूचना पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करायची. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. तारीख, वेळ, खोली क्रमांक हे मेलच्या पहिल्या दोन ओळींत मजकूर म्हणून लिहायचं. सही-शिक्क्याची पीडीएफ विभागाच्या वेबसाइटवर ठेवून फक्त लिंक द्यायची. मग विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी ‘मौखिक परीक्षा’ शोधली तरी सापडते. ‘नोटीस’ एवढाच विषय आणि खाली कोरी जागा असेल तर काहीच सापडत नाही.

पाषाणकर

द्रव नायट्रोजन, तुमचं म्हणणं मान्य. संशोधकांची लिस्ट वेगळी, खुली आणि उत्तर लिस्टकडे. पण ती ज्याने-त्याने स्वतः जोडून घ्यायची, आणि पुष्टीच्या मेलवर क्लिक केल्याशिवाय नाव लागू नये. सूचनांच्या लिस्टवर मात्र मी हटणार नाही.

खिडकीताई, बॅकलॉगची मुलगी माझ्या मांडणीत खरोखरच सुटत होती. तिच्यासाठी ‘बॅकलॉग’ नावाची एक कायमची लिस्ट करावी. निकाल लागला की गुणपत्रकांच्या यादीवरून तीत नावं घालायची, पेपर सुटला की काढायची, आणि ‘भाग-१’, ‘भाग-२’ या दोन्ही पाट्या बॅचच्या जोडीने हिच्याकडेही वळवायच्या. तिला चार मेल जास्त येतील, पण फॉर्मची तारीख चुकणार नाही.

संध्याकाळच्या रद्द तासासाठी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे पत्ते त्यांच्या वर्गाच्या लिस्टवर मॉडरेशनशिवाय पाठवण्याच्या यादीत घालावेत आणि त्यांची नेमणूक संपते त्या दिवशी काढावेत. ती तारीख नेमणूकपत्रावर असते. पत्र फाइलला लावतानाच कॅलेंडरमध्ये टिपून ठेवायची.

खिडकी क्र. २

बॅकलॉगची यादी निकालानंतर कोण करणार, ते आत्ताच नावानिशी ठरवा. ‘कार्यालय करेल’ एवढ्यावर सोडलंत तर ती पहिल्या सत्रानंतर कोणी उघडणार नाही. परीक्षेचं काम पाहणाऱ्या शिक्षकाकडे द्या, कारण गुणपत्रकं आधी त्यांच्या हातात येतात.