गिटारच्या खुंट्या बदलताना काय पाहावे?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या तिसऱ्या तारेचा सूर, ती ताणून सोडली की दर वेळी उतरतो. १४:१ ऐवजी १८:१ गुणोत्तराच्या खुंट्या बसवल्यास सूर टिकेल का?

उत्तर १ : गुणोत्तरामुळे सूर टिकत नाही, तो फक्त अधिक बारकाईने लावता येतो, १८:१ म्हणजे बटण १८ वेळा फिरवल्यावर तार गुंडाळलेला दांडा एकदा फिरतो, इतकेच. तरीही बदलायच्याच असतील तर आधी एक खुंटी काढून लाकडातील भोक मोजावे, कारण आधुनिक बंदिस्त खुंट्यांना साधारण १० मिलिमीटरचे भोक लागते, तर जुन्या पद्धतीच्या खुंट्यांचे त्याहून लहान असते. मागच्या स्क्रूंची जागाही जुळवून पाहावी. लाकडात नवी भोके पाडण्याइतके वाईट काम दुसरे नाही.

उत्तर २ : त्याआधी नट, म्हणजे मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, तपासावा. सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येत असेल, तर तार खाचेत अडकत आहे. तिथे पेन्सिलीचे शिसे घासून पाहावे. मी ते न करता लॉकिंग (तार दांड्यात घट्ट पकडून ठेवणाऱ्या) खुंट्या बसवल्या आणि तार पूर्वीसारखीच उतरत राहिली.

प्रश्नकर्ता : ‘टिक’ असा आवाज येतो खरा. आज पेन्सिलच वापरून पाहतो.