कॉमिकची पानं पूर्ण डिजिटलवर करायचीत, क्रम आणि सॉफ्टवेअर सुचवा

रामबागची_शाई (इंदूर):
नमस्कार मंडळी, आमच्या इंदूरच्या सराफा बाजारावर १६ पानांचं मराठी कॉमिक करतेय. गोष्टीतली मुलगी दिवसा काकांच्या चांदीच्या दुकानात बसते आणि रात्री दुकान वाढवलं की त्याच ओट्यावर तिची आई भुट्ट्याचा कीस विकते, म्हणजे एकच गल्ली दोन रूपांत दाखवायचीय. आत्तापर्यंत कागदावर शाईने काढून, मोबाइलने फोटो घेऊन मग रंग भरायचे, एका पानाला आठवडा जातो. आता पेन टॅब्लेट घेतलाय, लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, पण ए-४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) घेतलं की दहाबारा लेयरनंतर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर चढल्यावर, अडकतो. तुम्ही कशात आणि कुठल्या क्रमाने काम करता? शिवाय संवाद टाकले की जोडाक्षरं फुटतात, ‘सराफ्यात’चं ‘सराफ् यात’ होतं, बघवत नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
ताई, क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. पर्स्पेक्टिव्हचे असिस्टंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा नीट आखायला मदत करणाऱ्या पट्ट्या, त्यातच आहेत, गल्लीच्या दोन्ही बाजूंची दुकानं काढताना फार कामी येतात. क्लिप स्टुडिओला पैसे पडतात, पण त्यातल्या व्हेक्टर लेयरवरची (ठिपक्यांऐवजी रेषा म्हणून साठवलेली) रेघ नंतरही जाड-बारीक करता येते. अनेक पानं एकाच फाइलीत हवी असतील तर त्याची ईएक्स ही वरची आवृत्ती लागते.

पानोपानी (इंदूर):
सॉफ्टवेअर दोन्ही चांगली आहेत, मी क्रमाबद्दल सांगतो. संवाद सगळ्यात आधी बसवा, चित्राच्याही आधी. छोट्या चौकोनात १६ पानांचे कच्चे आराखडे करा, मग पानावर फ्रेमा आखून खरा मजकूर खऱ्या आकारात टाका, फुगा मजकुराभोवती काढा आणि उरलेल्या जागेत माणसं बसवा. मी पहिल्या कॉमिकला उलटं केलं होतं, चित्रं पूर्ण झाल्यावर फुग्यांना जागाच नव्हती, ओळी दाबून बसवल्या तर वरच्या ओळीतल्या ‘पाहू’चा ऊकार खालच्या ‘सर्व’च्या रफारात घुसला, वाचताना अडखळायला व्हायचं आणि आठ पानांचे फुगे पुन्हा करावे लागले. देवनागरीला खालीवर दोन्हीकडे मात्रा असतात, ओळींत जागा सढळ सोडा. अक्षरं फुटत असतील तर मजकूर इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा, तिथे जोडाक्षरं नीट येतात. फोटोशॉपमध्ये फुटली तर मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्या चालणारी मांडणी (वर्ल्ड-रेडी लेआउट) निवडा. फॉन्ट मुक्ता किंवा बालू, दोन्ही फुकट आहेत.

लॅपटॉपचं म्हणाल तर ६०० ला ए-४ चा एक पूर्ण भरलेला रंगीत लेयर साधारण १४० एमबी खातो, ३०० ला त्याचा चौथा हिस्सा. रंगीत पानाला ३०० ते ३५० पुरतं, ६०० फक्त काळ्यापांढऱ्या रेषेला ठेवा. कडेला ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) सोडा आणि मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार शाया मिसळल्या आणि छपाईत जराशी सरकल्या की बारीक अक्षरांच्या कडा धूसर येतात.

रामबागची_शाई:
फार उपयोगी पडलं दादा! आणि ती दिवस-रात्र? गल्ली दोनदा काढू का?

पानोपानी:
एकदाच काढा. रेषेचा लेयर तोच, खाली सपाट रंगांचा लेयर. रात्रीसाठी त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचे रंग गडद करणारा) निळसर जांभळा लेयर, आणि त्याच्याही वर स्क्रीन मोडमध्ये (खालचे रंग उजळ करणारा) पिवळा, तो फक्त कढईपाशी, आईच्या हातावर आणि बंद शटरच्या खालच्या पट्ट्यांवर. दुकानाच्या पाट्या आणि ठेले मात्र वेगवेगळ्या ग्रुपमध्ये ठेवा, दिवसा ठेल्यांचा ग्रुप बंद करता येईल. एकदा रात्री दहानंतर तिथे उभं राहून उजेड नेमका कुठून येतो ते वहीत टिपून आणा, मोबाइलच्या फोटोत सगळं सारखंच उजळ येतं.

रामबागची_शाई:
आज रात्रीच वही घेऊन जाते.