मर्ज झालेल्या ब्रांचा नव्या बेसवर न्यायच्या कशा: रिबेस का गपगुमान मर्ज?

वाळूजचा_डेव्ह:
जिनिंगवाल्यांच्या काटा-पावतीचं सॉफ्टवेअर आहे आमचं, कोड गिटमधी (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). "आडत" नावाची मोठी ब्रांच (कामाची वेगळी फांदी), तिच्यात "वजन" आन "जीएसटी" ह्या दोन ब्रांचा मर्ज झालेल्या (मिसळलेल्या), आन सगळं जुन्या रिलीजवरून काढलेलं. आता हे अख्खं लटांबर नव्या मेनवर (मुख्य ब्रांचवर) न्यायचंय. माझं मत सरळ आहे, रिबेस करा, म्हणजे आपले कमिट (नोंदवलेले बदल) नव्या बेसवर परत लावा, पण साधा नाही. साधा रिबेस मर्ज कमिट टाकूनच देतो आन दोन्हीकडचे कमिट एका रांगेत लावतो, मग कोणतं काम कोणत्या ब्रांचमधलं ते शोधत बसा. गिट २.१८ पासून --रिबेस-मर्जेस आहे ना, मर्जची रचना टिकवणारं, त्याला --ऑन्टो (कुठं न्यायचं ते) जोडा. इंटरॅक्टिव्ह लावलं तर टूडूत (पायऱ्यांच्या यादीत) लेबल, रिसेट, मर्ज अशा ओळी येतात, ब्रांच कुठं फुटली न कुठं मिळाली सगळं डोळ्यासमोर. दर आठवड्याला मेन आपल्या ब्रांचमधी ओतणारे लोक लॉगचा (कमिटच्या इतिहासाचा) नुसता काला करायलेत.

परभणीकर:
काला का होईना, खरा तर आहे. जे जसं झालं तसं दिसतंय. तुमचा रिबेस जुना मर्ज उचलून नेत नाही हो दादा, तो नव्या जागी मर्ज परत करतो, हे लई जणांना ठाऊकच नसतं. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) हातानं सोडवले होते ना? ते परत सोडवा आता.

वाळूजचा_डेव्ह:
मग गिटचं रेरेरे कशाला आहे? एकदा चालू करून ठेवा, तोच कॉन्फ्लिक्ट परत आला की जुनं उत्तर आपोआप लागतं.

परभणीकर:
आधीपासून चालू असलं तर! आन कॉन्फ्लिक्टच आला नाही तर रेरेरे काय करणार? समजा "वजन" मधी काढ_वजन ह्या फंक्शनचं नाव बदलून निव्वळ_वजन केलं आन "जीएसटी" मधी कोणीतरी जुन्याच नावानं नवीन ओळ टाकली. दोन वेगळ्या फायली, गिटला भांडण दिसतच नाही, मर्ज करणाऱ्यानं बिल्ड फुटला म्हणून ती ओळ मर्ज कमिटमधीच सरळ केली. आता रिबेस मारा. मर्ज बिनबोभाट होणार आन ती दुरुस्ती गायब. जावा असलं तर कंपायलर बोंबलंल तरी, पीएचपीत तर शेतकरी गाडी घेऊन काट्यावर उभा राहीपर्यंत कोणाला पत्ता नाही.

जालन्याची_मोसंबी:
आमच्याकडं बी तेच म्हणतात, लागलेलं झाड उपटून दुसऱ्या वावरात लावायचं नाही 😄 पण परभणीकर, ह्याला उपाय आहे की. रिबेसच्या आधी लॉगला --मर्जेस आन --रिमर्ज-डिफ लावून बघा, २.३५ पासून आलंय. गिट तो मर्ज स्वतः परत करून बघतं आन माणसानं वरून काय हात मारला तेवढंच दाखवतं. जिथं काही निघालं तिथं टूडूत त्या मर्जच्या ओळीखाली ब्रेक टाका, थांबला की दुरुस्ती करून त्याच कमिटमधी घाला (अमेंड). रेंज-डिफवर (जुने न नवे कमिट ताडून बघणारी कमांड) मात्र ह्यासाठी विसंबू नका, वेगळं सांगितलं नाही तर ते मर्ज कमिट सोडूनच देतं.

परभणीकर:
म्हणजे आधी सगळे मर्ज तपासा, मग ब्रेक टाका, मग अमेंड करा, आन हे सगळं कशासाठी तर लॉग देखणा दिसावा म्हणून. मेनच "आडत" मधी एकदा मर्ज करा, जे कॉन्फ्लिक्ट येतील ते एकदाच सोडवा, चहाला जा.

वाळूजचा_डेव्ह:
देखणेपणासाठी नाही ओ. रिव्ह्यू करणाऱ्याला "आडत" चं काम सलग दिसायला पाहिजे, मधी मधी मेनचे मर्ज घुसले की वाचणारा कंटाळतो न डोळे झाकून अप्रूव्ह मारतो, हे मी रोज बघायलोय. आन बिघडलंच तर रिफ्लॉग (ब्रांचचं टोक आधी कुठं होतं त्याची नोंद) आहे, जुनं टोक कुठं पळून जात नाही.

लातूरची_टेस्टर:
मी ह्यांच्याच टीममधी आहे म्हणून बोलते. रिफ्लॉग तुमच्या मशीनवर आहे सर, माझ्या नाही. कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) काढताना पॅरेंटचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, हॅश धरतात, बेस बदलला की वरचे सगळे हॅश बदलले. तुम्ही फोर्स पुश करणार (सर्व्हरवरची ब्रांच जबरीनं बदलणार), आन जुन्या कमिटवर ज्यांचं काम उभं आहे ते पुल मारून प्रत्येक कमिट दोनदोनदा बघत बसणार.

वाळूजचा_डेव्ह:
फोर्स-विथ-लीजनं करतो ताई, कोणी मधी पुश केलं असंल तर अडतं ते. आन "वजन", "जीएसटी" चे पॉइंटर --अपडेट-रेफ्सनं सोबतच सरकतात. ब्रांच तशी माझ्या एकट्याचीच आहे.

लातूरची_टेस्टर:
लीज सर्व्हरवरची ब्रांच बघतं सर, माझ्या लॅपटॉपमधली नाही. "जीएसटी" वरून मी परवाच टेस्टची ब्रांच काढलीय, अजून पुश केली नाही. ती पण तुमच्या एकट्याचीच का?