शब्दचर्चा: हॉर्न, वेव्हगाइड आणि कर्णा

सुतारपक्षी:
लाउडस्पीकरचे हॉर्न स्वतः बनवणाऱ्यांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहितो आहे. आकार आधी संगणकावर आखायचा, तो कसा वागेल ते तिथेच तपासायचं आणि मगच लाकडाला करवत लावायची, असा विषय. हॉर्नरेस्प आणि अकाबॅक ही सॉफ्टवेअर घेतली आहेत. अडलंय ते शब्दांवर. हॉर्नला कर्णा म्हणू की भोंगा? आणि वेव्हगाइडला काय? पडद्यावर दोघांची चित्रं सारखीच दिसतात, अरुंद गळा आणि रुंद तोंड. मग दोन शब्द कशाला, असं वाचक विचारणारच. थ्रोट, माउथ, मेश, डायरेक्टिव्हिटी (आवाज कुठल्या दिशेला किती पसरतो ते) यांनाही काही सुचवा.

ऱ्हस्वदीर्घ:
भोंगा नको. त्या शब्दातच कान किटतात. कर्णा छान आहे. फुंकून वाजवायचं लांब वाद्य कर्णा, ग्रामोफोनचाही कर्णाच. फक्त सामान्यरूप सांभाळा: कर्ण्याचा, कर्ण्याला, अनेकवचन कर्णे. 'कर्णाची लांबी' लिहिलंत तर वाचक काटकोन त्रिकोण काढायला बसेल आणि 'कर्णाचं तोंड' लिहिलंत तर थेट कुरुक्षेत्रावर पोचेल.
थ्रोटला गळा, माउथला तोंड. ते तर मराठीत तयारच आहेत. वेव्हगाइडला तरंगनलिका कशी वाटते?

रेडिओवाला:
तरंगनलिका आमच्याकडे चालेल, तुमच्याकडे नाही. सूक्ष्मतरंगांच्या (मायक्रोवेव्हच्या) कामात वेव्हगाइड म्हणजे सबंध लांबीभर एकाच मापाची पोकळ धातूची नळी, आणि तिच्या टोकाला जो पसरट भाग जोडतात तो हॉर्न. लाउडस्पीकरवाल्यांचा वेव्हगाइड बहुतेक वेळा उथळ आणि पसरट असतो. म्हणजे आम्ही ज्याला हॉर्न म्हणू त्यालाच तुम्ही वेव्हगाइड म्हणता! त्यात नळी कुठे आहे?

मंद्रसप्तक:
रेडिओवाल्यांशी सहमत. आणि सुतारपक्षी, फरक चित्रात शोधलात तर सापडणार नाही. आकाराला कुठल्या कामाला जुंपलंय ते बघा.

कर्ण्याचं जुनं काम जोर देण्याचं. स्पीकरचा पडदा मोकळ्या हवेत हलतो तेव्हा त्याची बरीचशी मेहनत वाया जाते, कारण हवा त्याला पुरेसा विरोध करत नाही. कर्णा लावला की गळ्याशी तो विरोध मिळतो आणि तेवढ्याच विजेत आवाज बराच वाढतो. यालाच लोडिंग म्हणतात. मी 'भार' लिहितो, कारण 'पडद्यावर हवेचा भार येतो' हे वाक्य ऐकणाऱ्याला लगेच कळतं. याचं गणित वेबस्टर या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९१९ सालच्या समीकरणावर उभं आहे. त्यात एक मोठी सवलत घेतलेली आहे: कर्ण्याच्या कुठल्याही आडव्या छेदात दाब सगळीकडे सारखाच, असं धरायचं. मग हिशेबाला फक्त क्षेत्रफळ उरतं. छेद गोल आहे की चौकोनी, तरंग आत कसा वळतो, याची चौकशीच नाही.

हॉर्नरेस्प मुळात याच वाटेने जातं, म्हणून ते क्षणात उत्तर देतं. एस-१ या रकान्यात गळ्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये भरायचं, पुढच्या भागांची क्षेत्रफळं आणि लांब्या भरायच्या, झालं. घातांकी कर्णा १०० हर्ट्झपर्यंत उतरायला हवा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण दर १९ सेंटिमीटरला दुप्पट व्हावं लागतं आणि तोंडाचा घेर एका तरंगलांबीइतका, म्हणजे जवळजवळ ३.४ मीटर. व्यास एक मीटरच्या वर गेला! हा आकडा करवतीआधी दिसणं फार मोलाचं आहे.

वेव्हगाइड हा शब्द लाउडस्पीकरच्या जगात रुजवण्यात ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडेस यांचा मोठा वाटा. ध्वनितरंगांच्या मार्गदर्शनावरचा त्यांचा सिद्धान्त १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा रोख असा, की वेबस्टरच्या समीकरणातून भार कळतो, पण आतला तरंग कुठल्या आकाराने बाहेर पडतो हे कळत नाही. आणि ऐकणाऱ्याला त्याचंच पडलेलं असतं. आवाज किती कोनात पसरावा हे आधी ठरवून त्यासाठी भिंती आखल्या, तर तो वेव्हगाइड. भार मिळाला तर मिळाला.

तेव्हा वस्तू म्हणून दोन्ही कर्णेच. वेव्हगाइड हे त्यातल्या एका हेतूचं नाव. पुस्तिकेत मी तो शब्द तसाच ठेवीन.

ऱ्हस्वदीर्घ:
हेतूचं नाव असेल तर 'दिक्कर्णा' करू या की! दिशा देणारा कर्णा.

रेडिओवाला:
उच्चारतानाच दिक्कत आली.

मंद्रसप्तक:
शिवाय जुन्या कर्ण्यालाही दिशा असतेच. घातांकी कर्ण्याचा त्रास हाच की कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वाढेल तसा त्याचा झोत अरुंद होत जातो. समोर बसलेल्याला सगळं ऐकू येतं, बाजूच्याला मंद, बोथट. त्यावर लाउडस्पीकर अभियंता डॉन कील यांनी १९७५ च्या सुमारास सरळ भिंतींचे, झोत शक्य तितका एकसारखा ठेवणारे कर्णे पुढे आणले, आणि त्यांना सगळे हॉर्नच म्हणत राहिले. कील यांचा एक ढोबळ नियम पुस्तिकेत जरूर घ्या. दहा लाखाला कोनाच्या अंशांनी आणि तोंडाच्या इंचांतल्या रुंदीने भागा. जो हर्ट्झचा आकडा येईल त्याच्या खाली कर्ण्याचा आवाजावरचा ताबा सुटतो. ९० अंश, १२ इंच असेल तर साधारण ९२५ हर्ट्झ. सहा इंची तोंडाला त्याच्या दुप्पट. छोटासा वेव्हगाइड लावून खालपर्यंत ताबा मिळवल्याच्या बढाया इथेच गळून पडतात.

डायरेक्टिव्हिटीला 'दिशिकता' शब्द आहे, पण वाक्यात 'झोत' आणि 'फैलाव' जास्त कामाला येतील.

सुतारपक्षी:
कर्णा आणि वेव्हगाइड पक्के. आता सिम्युलेशन. 'सदृशीकरण' लिहिलं की घरचेसुद्धा वाचायचं थांबवतात. 'पडताळणी' चालेल?

मंद्रसप्तक:
पडताळणी राखून ठेवा, ती मायक्रोफोन लावून मोजण्याला लागेल. सॉफ्टवेअरने भिंती पूर्ण ताठ धरलेल्या असतात आणि पडदा एकसंध हलतो असं बहुतेक वेळा गृहीत असतं. खरी फळी थरथरते, खरा पडदा वरच्या कंप्रतांना तुकड्यातुकड्यांनी हलतो. जे गृहीत धरलं तेच त्यात पुन्हा तपासता येत नाही, म्हणून त्याला पडताळणी म्हणणं वाचकाची दिशाभूल आहे. सिम्युलेशन हे नाम राहू द्या, क्रियापदं मराठी ठेवा: आखा, चालवा, बघा, बदला.

मेशला जाळी. अकाबॅकसारखी सॉफ्टवेअर कर्ण्याच्या पृष्ठभागाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकावर दाब काढतात. त्यामुळे वेबस्टरची सवलत लागत नाही आणि फैलाव खरा दिसतो, पण वेळ जातो. जाळीचा डोळा तरंगलांबीच्या सहाव्या भागाहून मोठा नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. २०,००० हर्ट्झला तरंगलांबी १७ मिलिमीटर, म्हणजे डोळा ३ मिलिमीटरच्या आत. कर्णा डावा-उजवा आणि वर-खाली सारखा असेल तर पावच भाग जाळीत घ्या. तुकडे पाव झाले की समीकरणांचा तक्ता सोळाव्या भागावर येतो.

ऱ्हस्वदीर्घ:
जाळीचा 'डोळा' आवडला. जाळी 'विणा' म्हणा, 'तयार करा' कशाला?

सुतारपक्षी:
विणतो. शेवटचं एक: तोंडाची कड बाहेरून मागे वळवतात, त्या भागाला? ओठ?

मंद्रसप्तक:
गळा आणि तोंड आहे तर ओठ शोभेल, पण मी काठ म्हणेन, कारण घडवणारा माणूस त्याला काठच म्हणतो. तो गोलवायचा कशासाठी तेही लिहा: धारदार काठावर तरंग अचानक सुटतो, थोडा मागे परततो, थोडा काठावरून नव्याने पसरतो, आणि आलेखात लाटा उमटतात. हॉर्नरेस्पमध्ये अँगच्या (आवाज पसरायच्या कोनाच्या) रकान्यात २π भरलं की तोंड अमर्याद फळीत बसवल्यासारखं धरलं जातं, तेव्हा मागे वळवलेल्या काठाला तिथे जागाच नसते. कर्णा मोकळा उभा राहणार असेल तर त्याची बाहेरची बाजूही जाळीत घ्यावी लागेल. नुसती आतली भिंत विणून भागणार नाही.