ऑफिसात चालण्याची स्पर्धा पुन्हा घ्यायची आहे, मागच्या वेळी फजिती झाली होती

नवी_एचआर

नमस्कार मंडळी. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, "लोक बसून बसून जड झालेत, यंदा पुन्हा चालण्याची स्पर्धा घेऊ या." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळेच्या सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इथे लागून चारच महिने झालेत.

आम्ही ८६ जण आहोत. ५२ टेबलापाशी, २४ गोदामात, १० रात्रपाळीला. गेल्या वर्षी स्पर्धा झाली तेव्हा मी नव्हते, पण तिच्या कथा जेवणाच्या सुट्टीत अजून निघतात. रोज १० हजार पावलं, चार आठवडे, फोनच्या स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि पहिल्या दहांची यादी लिफ्टशेजारी लावायची. पहिल्या आठवड्यात ६१ जण होते, शेवटच्या आठवड्यात ९. पहिला आला तो गोदामातला. त्यावर टेबलवाल्यांची कुरकुर, की त्याला तर चालायचाच पगार मिळतो. दुसऱ्याची एका दिवसाची पावलं ४१ हजार होती आणि त्या दिवशी तो तापाने रजेवर होता.

आता मला सांगा. १० हजारांचाच आकडा ठेवायचा का? गोदाम आणि टेबल यांना एकाच मापाने कसं मोजायचं? लबाडी कशी आवरायची? आणि बक्षीस काय ठेवायचं?

"चालणं तब्येतीला चांगलं असतं" हे कृपया कोणी सांगू नका. ते पोस्टर मीच चिकटवलंय.

जमाखर्च

ताई, मी एचआरवाला नाही. हिशेब खात्यात १९ वर्षं काढली. आमच्याकडे ही स्पर्धा तीनदा झाली आणि तिन्ही वेळा शीट माझ्या गळ्यात पडली, कारण "तुम्हाला एक्सेल येतं ना". पहिल्या वर्षी तुमच्यासारखीच वाट लागली. तेव्हा सुरुवात त्या १० हजारांपासून करतो.

तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. यंत्राचं नाव होतं, त्याचा नियम झाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत साधारण ७२ वर्षं सरासरी वयाच्या जवळपास १७ हजार बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेनासा झाला. वय कमी असेल तर हा टप्पा थोडा वर सरकतो. पण सगळ्यात जास्त फायदा होतो तो अगदी कमी चालणारा थोडं जास्त चालू लागतो तेव्हा. तुमची गेल्या वर्षीची स्पर्धा नेमकी त्यालाच बाहेर काढणारी होती. रोज ३ हजार चालणाऱ्याला १० हजार सांगितले, म्हणजे ७ हजार वरचे. बऱ्यापैकी भरभर चाललं तर मिनिटाला १०० पावलं पडतात. हिशेब करा, ७० मिनिटं. नोकरी, घर, मुलं सांभाळून रोज ७० मिनिटं कोण काढणार? तो तीन दिवस खेचतो, चौथ्या दिवशी ग्रुप म्यूट करतो.

म्हणून आम्ही दुसऱ्या वर्षापासून आधी आरंभीची शिल्लक काढायला लागलो. दोन आठवडे कोणी काही वेगळं करायचं नाही, नेहमीसारखं राहायचं, फक्त फोन खिशात ठेवायचा. त्या १४ दिवसांचे आकडे लहान ते मोठे असे लावले की मधोमध येतो तो मधला आकडा, ही ज्याची त्याची शिल्लक. सरासरी घेऊ नका. एखादा रविवारी डोंगर चढून येतो आणि त्याची सरासरी फुगते, मग पुढचे सहा आठवडे बिचारा त्या एका रविवारची फेड करत बसतो.

त्या शिलकीवर १,५०० पावलं, म्हणजे पंधरा मिनिटं, हे ज्याचं त्याचं उद्दिष्ट. ज्याची शिल्लक आधीच ९ हजारांच्या वर आहे त्याला वाढ नाही, त्याने आहे ते टिकवायचं. गोदामवाल्यांचा प्रश्न इथेच मिटतो. दिवसभर खोकी वाहणाऱ्या माणसाला "आणखी चाला" सांगायला जाल तर तो तुम्हाला खोकं उचलायला लावेल, आणि बरोबरच करेल.

गुण दिवसांचे द्यायचे, पावलांचे नाहीत. उद्दिष्ट गाठलं, एक गुण. दुप्पट गाठलं, तरी एकच. आठवड्यात जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे दोन दिवस आजारपणाला, पावसाला, आळसाला मोकळे. हा पाचाचा नियम मी भांडून घातला. आधी सातापैकी सात होते, आणि ज्याचा एक दिवस चुकला तो "आता काय उपयोग" म्हणून पुढचे सगळेच सोडून द्यायचा.

लबाडीचं म्हणाल, तर आमच्याकडे पहिल्या वर्षी एकाने फोन झोपाळ्याला बांधला होता. दुसऱ्याने मुलाच्या खिशात टाकून त्याला मैदानावर सोडला होता (पोरगं खरोखर निरोगी झालं असेल). आम्ही मग पुरावे मागितले, समिती नेमली, तक्रारी ऐकल्या, आणि मार्चअखेर जवळ आलेली असताना मी झोपाळ्याच्या पावलांचं ऑडिट करत बसलो होतो! दुसऱ्या वर्षी दिवसाला एकच गुण ठेवला आणि झोपाळे आपोआप थांबले. दीड हजार पावलांसाठी फोन बांधायची खटपट कोण करतो, तेवढ्यात चालून होतं. अजून एक. मनगटावरचा पट्टा टाळ्या वाजवल्या तरी पावलं मोजतो, आणि ढकलगाडीच्या दांड्यावर हात स्थिर असला तर खरी पावलंही खातो. तुमच्या गोदामात हे होणारच. त्यांना फोन पॅंटच्या खिशात ठेवायला सांगा आणि यंत्र मधेच बदलू देऊ नका. शिल्लक ज्या यंत्राने मोजली त्यानेच पुढचं मोजायचं.

गट करा, पाच-सहा जणांचे, खाती मिसळून. पण गटाचा गुणही मधलाच घ्या. समजा पावलंच मोजली आणि एका गटात ३, ४, ५, ६ आणि ३२ हजारवाले असले तर सरासरी निघते १० हजार आणि चौघं जण निवांत बसून जिंकतात. मधला आकडा ५ हजार, तो खरं बोलतो.

बक्षिसाला पहिल्या वर्षी महागडं घड्याळ होतं. ज्याला मिळालं त्याच्याकडे आधीच दोन होती. आता आठवड्याला ज्याचे चार गुण झाले त्याची चिठ्ठी डब्यात, आणि दर शुक्रवारी एक चिठ्ठी निघते. बक्षीस अर्ध्या दिवसाची रजा. या डब्याने जेवढे लोक टिकवले तेवढे घड्याळाने टिकवले नाहीत.

मुदत सहा आठवडे ठेवा. तिसऱ्या आठवड्यात माणसं गळतात, तेव्हा काहीतरी नवीन लागतं. आम्ही दोन गटांना एकत्र चालायला पाठवलं होतं.

रात्रपाळी

जमाखर्च दादांचं सगळं पटलं, एक गोष्ट राहिली. फोनचा दिवस मध्यरात्री संपतो, आमचा सुरू होतो. मी रात्री दहा ते सकाळी सहा. माझी एका पाळीतली पावलं दोन तारखांत फुटतात आणि साप्ताहिक सुट्टीच्या आधल्या दिवसाचा आकडा भलताच दिसतो. आमच्याकडच्या स्पर्धेत मी तीन आठवडे "आळशी" म्हणून यादीत खाली होतो. मग एचआरच्या बाईंना तासावारी नोंद उघडून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, अरेच्चा.

ताई, तुमच्या दहा जणांना दिवसाचा नाही, आठवड्याचा हिशेब लावा. सात दिवसांची बेरीज, बस. आणि पहाटे पाळी सुटल्यावर "चला आता पावलं पूर्ण करू" हे त्यांच्या डोक्यात येऊ देऊ नका. रात्रभर जागलेल्या माणसाला त्या वेळी झोप हवी असते, रस्त्याच्या कडेने पेंगत चालणं नव्हे. आम्हाला पाळीच्या मध्येच दहा मिनिटं देता आली तर बघा. दोन-तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, तेव्हा एक फेरी मारली की बरं वाटतं.

डावा_गुडघा

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. स्पर्धा जाहीर झाली की दर वेळी मला कोणीतरी विचारतं, "तुम्ही नाही का?" आणि मग मला लिफ्टसमोर उभं राहून गुडघ्याची कहाणी सांगावी लागते. तुमच्या ८६ जणांत गरोदर बाई असेल, दम्याचा माणूस असेल, कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल, आणि कोणाला कारण सांगायचंच नसेल.

त्यामुळे पावलांच्या जोडीला मिनिटांचा पर्याय पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुला ठेवा. खास "सवलत" म्हणून नाही, नुसता दुसरा रकाना. पंधरा मिनिटं जी काही हालचाल जमेल ती. पोहणं, सायकल, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम, खुर्ची स्वतः ढकलणं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा पावलं सांगतच नाही, मिनिटंच सांगते. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची असं होतं, २०२० मध्ये तीही अट काढली. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप.

आणि वजन विचारू नका. "किती किलो उतरलं" हा रकाना दिसला की मी फॉर्म बंद करते. माझा आकडा मला आणि शीट सांभाळणाऱ्याला दिसला की पुरे. लिफ्टशेजारी गटाचं नाव लावा, माणसाचं नको.

शंकेखोर

सगळे छान बोलताय, मी जरा विरजण घालतो. साहेबांना काय कबूल करणार आहात ते आधी ठरवा. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीत सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला होता. कोणत्या शाखेत आरोग्य कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. दीड वर्षानंतर लोक सांगत होते की आम्ही जास्त व्यायाम करतो, पण रक्तदाब, वजन, औषधपाण्याचा खर्च, गैरहजेरी, कशातच ठळक फरक नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगातही तेच, वर असं दिसलं की अशा कार्यक्रमात येतात ते बहुतेक आधीच ठणठणीत असलेले.

ही गोम जुनीच आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवर दाखवलं होतं, की दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. सगळे हेच सांगतात. पण १९५६ मध्ये त्याच मॉरिस यांनी गणवेशांची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी निघाली, म्हणजे फरक नुसत्या जिन्यांचा असेलच असं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

तेव्हा "आजारपणाच्या रजा कमी होतील" असं काही साहेबांना लिहून देऊ नका. सहा महिन्यांनी तेच तुमच्या तोंडावर फेकतील.

जमाखर्च

शंकेखोरांचं खरं आहे, मीही हे कबूल करून बसलो होतो. पावलं तरी वाढतात का? यंत्र लावल्यावर वाढतात. २००७ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, दिवसाला अडीच हजारांच्या आसपास वाढ निघाली, आणि ती समोर ठरलेलं उद्दिष्ट असणाऱ्यांतच. स्पर्धा संपल्यावर त्यातली किती उरते, हा माझ्या शीटमधला सगळ्यात उदास रकाना आहे. आमच्याकडे एकच गोष्ट उरली. दोघातिघांची मीटिंग, कागद लागत नसेल तर, चालत घ्यायची. स्पर्धा संपून दोन वर्षं झाली तरी आमचे साहेब मला इमारतीभोवती फिरवतच वसुलीचा आढावा घेतात. शिव्या खाताना बसलेलं नसलं की त्या जरा हलक्या लागतात, हा माझा अनुभव.

नवी_एचआर

सगळ्यांचे आभार. काल साहेबांना एक पानी टिपण दिलं. सहा आठवडे, आधी दोन आठवडे नुसती मोजणी, दुसरा रकाना मिनिटांचा, रात्रपाळीला आठवड्याची बेरीज, वजनाचा रकाना नाही. दुपारी तीन ते सव्वातीन मीटिंग लावायची नाही, हेही लिहिलं. शंकेखोर, "अपेक्षित फायदा" या ठिकाणी मी "लोक पंधरा मिनिटं खुर्चीतून उठतील" एवढंच लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

अर्ध्या दिवसाच्या रजेवर थोडी घासाघीस झाली. शेवटी आठवड्याला एकच चिठ्ठी या अटीवर मान्य झाली. डबा मिळाला आहे, स्टेशनरीच्या कपाटात होता.

मोजणी आजपासून सुरू झाली. साहेबांनीही नाव दिलंय. संध्याकाळी निघताना त्यांनी फोन पुढे केला. १,९४०. म्हणाले, "हे यंत्र बिघडलेलं दिसतंय."

जमाखर्च दादा, यावर काय उत्तर द्यायचं?